जॉन हॅरिसनचे घड्याळ

समुद्रावर घड्याळाचे एवढे महत्त्व कशासाठी, असे कोणी विचारील. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. जहाजावर मध्यान्ह झाली त्या क्षणी मूळ बंदरात किती वाजले हे कळले, की दोन वेळांच्या फरकावरून रेखांश निघतो. पण हेलकावणाऱ्या जहाजावर लंबकाचे घड्याळ चालेना. १७०७ साली सिली बेटांजवळ इंग्रज आरमाराची चार जहाजे खडकांवर फुटून हजाराहून अधिक माणसे बुडाली. १७१४ साली पार्लमेंटने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश देणाऱ्या उपायाला २०,००० पौंडांचे बक्षीस लावले.

ते काम अंगावर घेतले सुताराच्या मुलाने. जॉन हॅरिसन १६९३ साली यॉर्कशायरमध्ये जन्मला. त्याची पहिली घड्याळे लाकडी. काही भागांना त्याने मुळातच तेलकट असलेले लाकूड वापरले, म्हणजे वंगण नको. उष्णतेने धातू वाढतो, म्हणून पितळ आणि पोलाद यांच्या सळ्या अशा जोडल्या की एकीची वाढ दुसरीने भरून काढावी. १७३५ साली पहिले सागरी यंत्र झाले. पुढे तळहाताएवढे चौथे घड्याळ १७५९ साली पुरे झाले. त्याचा मुलगा विल्यम ते घेऊन जमैकाला गेला. ८१ दिवसांत चूक पडली सुमारे पाच सेकंदांची!

तरी बक्षीस हाती येईना. उपाय समुद्रावर 'उपयुक्त' ठरला पाहिजे, असे कायद्यात होते. उपयुक्त म्हणजे काय, हे मंडळ ठरवणार. असे घड्याळ इतरांनाही करता यावे, हा आग्रह गैर नव्हता, कारण एका घड्याळाने सारी जहाजे तरत नाहीत. पण ही अट काम झाल्यावर पुढे आली. शिवाय घड्याळाची ग्रिनिचला परीक्षा घेणारे मॅस्केलिन हे चंद्राच्या अंतरावरून रेखांश काढण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते होते. १७६५ साली रचना उघड करून दिल्यावर १०,००० पौंड मिळाले. शेवटी राजा तिसऱ्या जॉर्जकडे दाद मागावी लागली, तेव्हा १७७३ साली पार्लमेंटने आणखी ८,७५० पौंड दिले. हॅरिसन तेव्हा ऐंशीचा होता. १७७६ साली तो वारला.

केंडॉलने केलेली त्या घड्याळाची प्रतिकृती कॅप्टन कुकने दुसऱ्या सफरीत नेली आणि ती खरी उतरली.

आम्ही करारनामे वाचण्यात आयुष्य घालवलेली माणसे. सेकंदाचा हिशेब हॅरिसनने चुकू दिला नाही; त्याला अडवले ते एका मोघम शब्दाने. काम कितीही चोख असो, ते कोणत्या मापाने मोजणार हे आधी ठरवून घ्यावे.