रिकाम्या टाकीतले पेट्रोल

उल्हास आणि वालधुनी या नद्यांना पूर आला की कल्याणच्या सखल भागातल्या इमारतींच्या तळमजल्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकली पाण्यात जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला, त्या दिवशी कल्याण-बदलापूर पट्ट्यातही हाहाकार उडाला होता. २७ जुलै २०१९ रोजी तर उल्हासच्या पाण्याने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली. अशा पुरानंतर पाणी ओसरले की ठाण्यापासून बदलापूरपर्यंत गॅरेजवाल्यांना उसंत मिळत नाही. मग पुष्कळ जण घरीच पाना-पक्कड घेऊन बसतात आणि पहिले काम काढतात ते पेट्रोलची टाकी उतरवण्याचे.

काम तसे अवघड नाही. एक-दोन बोल्ट, एक नळी आणि एखादी वायर, एवढाच पसारा. पण या साध्या कामामागे घनता, बाष्पदाब आणि ज्वलन यांचे विज्ञान आहे. ते समजले की कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, हे पाठ करावे लागत नाही.

टाकीत पाणी जाते कसे?

इंजिन पेट्रोल ओढते तेव्हा टाकीत तेवढीच हवा आत यावी लागते, नाही तर आत निर्वात निर्माण होऊन पेट्रोल उतरेनासे होईल. म्हणून टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक वाट ठेवलेली असते. टाकी पुरात बुडाली की त्याच वाटेने पाणी आत झिरपते. पेट्रोलची घनता दर मिलिलिटरला साधारण ०.७२ ते ०.७७५ ग्रॅम आणि पाण्याची १ ग्रॅम. त्यामुळे पाणी थेट तळाशी जाऊन बसते, आणि इंजिनाकडे जाणारी वाटही तळाशीच असते. शिवाय टाकी पोलादी पत्र्याची असेल तर त्या पाण्याने तळाचा पत्रा आतून गंजू लागतो.

आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल पाण्यात विरघळते, त्यामुळे थोडे पाणी पेट्रोलमध्ये सामावून जाते. पाणी त्या मर्यादेपलीकडे गेले की मात्र इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी हातमिळवणी करते आणि दोघांचा मिळून खाली वेगळा थर तयार होतो. म्हणून अशा टाकीत वरून ताजे पेट्रोल ओतून भागत नाही. टाकी उतरवून पूर्ण रिकामी करावी लागते.

भरलेली की रिकामी?

वर्गात हा प्रश्न अवश्य विचारा : पेट्रोलने भरलेली टाकी अधिक धोक्याची की नुकतीच रिकामी केलेली? बहुतेक विद्यार्थी पहिले उत्तर देतील. पण जळते ते द्रव पेट्रोल नव्हे, त्याचे हवेत मिसळलेले बाष्प. हवेत या बाष्पाचे प्रमाण आकारमानाने साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ते मिश्रण पेट घेते. त्याहून कमी असेल तर इंधन पुरत नाही, जास्त असेल तर ऑक्सिजन पुरत नाही.

बंद टाकीत पेट्रोल असते तेव्हा आपल्याकडच्या तापमानाला वरच्या मोकळ्या जागेत बाष्पाचे प्रमाण एक तृतीयांशाहूनही जास्त असू शकते. म्हणजे टाकीच्या आतले मिश्रण पेट घेण्यासाठी फारच दाट असते. (झाकण उघडल्यावर तोंडाशी ते हवेत मिसळते आणि तिथे मात्र ठिणगी पुरते, हे विसरू नये.) टाकी रिकामी केली की पेट्रोलच्या जागी हवा शिरते. सांध्यांत, कोपऱ्यांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली राहिलेले थेंब या हवेत उडत राहतात आणि मिश्रण नेमके पेट घेण्याजोगे होते.

त्याला पेट्रोल किती लागते, याचा हिशेब करून पाहू. टाकी १२ लिटरची आणि बाष्प ३ टक्के धरले तर बाष्पाचे आकारमान ३६० मिलिलिटर झाले. खोलीच्या तापमानाला वायूच्या एका मोलला सुमारे २५ लिटर जागा लागते, म्हणजे हे झाले ०.०१४४ मोल. बाष्पाचा सरासरी रेणुभार ८० मानला तर वजन १.१५ ग्रॅम आणि द्रवरूपात जेमतेम दीड मिलिलिटर. हे पेट्रोल चहाच्या चमचाभरसुद्धा नसते! उलटी करून झटकलेल्या टाकीत एवढे पेट्रोल सहज शिल्लक राहते.

आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पेट्रोलचा प्रज्वलनांक उणे ४० अंश सेल्सियसच्या आसपास आहे, म्हणजे डोंबिवलीच्या ऐन थंडीतही ते पेटण्याइतके बाष्प देतच राहते. दुसरे म्हणजे हे बाष्प हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. ते वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. आपल्याकडे इमारतीखालच्या वाहनतळातच विजेचे मीटर आणि पाण्याचा पंप असतो. तिथे बसून टाकी उतरवली तर बाष्प सरपटत पंपाच्या स्विचपर्यंत केव्हा गेले ते कळतही नाही. म्हणून हे काम उघड्यावर, वारा असेल तिथे आणि दिवसाउजेडी करावे. आसपास विडी-सिगारेट, उदबत्ती, शेगडी नको.

उतरवण्याचा क्रम

इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, कारण तापलेल्या सायलेन्सरवर पेट्रोल सांडणे धोक्याचे. गाडी मधल्या स्टँडवर सरळ उभी करावी. मग सीट काढून बॅटरीची ऋण टोकाची वायर आधी सोडवावी. गाडीचा सांगाडा याच टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे ही वायर सुटली की पुढे पाना चुकून सांगाड्याला टेकला तरी परिपथ पूर्ण होत नाही आणि ठिणगी पडत नाही.

नंतर टाकीतले पेट्रोल काढून घ्यावे. ते तोंडाने नळी ओढून कधीही काढू नये. घोटभर पेट्रोल श्वासनलिकेत उतरले तरी फुप्फुसांना गंभीर इजा होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत टाकीखालच्या कॉकमधून ते सोडता येते, कॉक नसेल तर हातपंप वापरावा. पेट्रोल धातूच्या घट्ट झाकणाच्या डब्यात घ्यावे, पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीत नको. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ मध्ये परवान्याशिवाय थोडे पेट्रोल ठेवण्याची सवलत आहे. तिथेही काच, चिनी माती आणि धातू यांचीच भांडी सांगितली आहेत.

आता कॉक बंद करून नळीची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवावी. जुनी नळी कडक होऊन चिकटलेली असते. ती सरळ ओढू नये, आधी थोडी पिळून सैल करावी. तरी सुटली नाही तर कापून नवी घालावी, नळी कॉकपेक्षा स्वस्त असते. २०२० नंतरच्या बहुतेक गाड्यांत इंधन फवारणारी यंत्रणा असते आणि पंप टाकीतच असतो. तिच्या नळीतला दाब वातावरणाच्या सुमारे तिप्पट असतो. अशा गाडीत बॅटरी सोडवण्यापूर्वी पंपाची वायर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, म्हणजे दाब उतरतो. मग ते थंड होईपर्यंत थांबावे.

शेवटी टाकीच्या मागच्या टोकाचा बोल्ट काढावा. पुढे टाकी बोल्टवर नसते, सांगाड्यावरच्या दोन रबरी गाद्यांवर अडकवलेली असते. म्हणून मागची बाजू थोडी उचलून टाकी मागे ओढायची, सरळ वर नाही. इंधनमापकाची वायर आणि झाकणाजवळून खाली येणारी बारीक नळी सुटली आहे ना, हे त्याआधी पाहावे. उतरवलेली टाकी जुन्या चादरीवर ठेवावी, कॉकवर तिचा भार येऊ देऊ नये. बहुतेक टाक्यांचा तळ मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना खोल असतो, कारण सांगाड्याची नळी मधून जाते. त्यामुळे कॉकमधून सगळे आले असे वाटले तरी दुसऱ्या खोलगटात पेट्रोल आणि पाणी राहतेच. टाकी तिरपी करून तेही काढावे.

गंजाने भोक पडले असेल तर?

आम्हाला सर्वांत काळजी वाटते ती इथे. तळाशी सुईच्या अग्राएवढे भोक दिसते आणि रिकामी तर आहे, म्हणून टाकी थेट वेल्डिंगच्या दुकानात जाते. वर केलेला दीड मिलिलिटरचा हिशेब इथे आठवावा. एकदा पाण्याने खंगाळल्याने गंजात मुरलेले पेट्रोल जात नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचे बाष्प होते आणि बंद टाकीत त्याचा स्फोट होतो. हे काम टाकीतले बाष्प पूर्ण घालवण्याची रीत माहीत असलेल्या कारागिराचे आहे. तसा कारागीर नसेल तर टाकी बदलणे हेच शहाणपणाचे.

परत बसवताना

रबरी गाद्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये, रबर फुगते. साबणाचे पाणी पुरते. टाकी पुढे सरकवून गाद्यांवर बसवावी आणि खाली वायर चेपली जात नाही हे पाहावे. मागच्या बोल्टाचे रबरी वॉशर विसरू नये आणि बोल्ट जोर लावून आवळू नये. इंजिनाची कंपने हे रबर शोषून घेते. ते चिरडले गेले तर कंपने पत्र्याला सोसावी लागतात आणि कालांतराने पत्रा सांध्याशी तडकतो. नळी आणि क्लिप बसवल्यावर थोडे पेट्रोल घालून कॉक उघडावा आणि पाच मिनिटे वाट पाहावी. कुठे ओल दिसली नाही, की मग बॅटरीची वायर जोडावी. फवारणीच्या गाडीत दाब आल्यावर नळीचा जोड पुन्हा तपासावा.

वर्गात काय करता येईल?

पेट्रोल वर्गात आणू नये. जड वायू खाली वाहतो हे दाखवायला खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर पुरे. मोठ्या भांड्यात दोन्ही एकत्र करा. तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असल्याने भांड्यातच राहतो. भांडे अलगद तिरपे करून, द्रव सांडू न देता, तो वायू पेटत्या मेणबत्तीवर ‘ओता’. डोळ्यांना काहीही न दिसता मेणबत्ती विझते. मग सांगा, की पेट्रोलचे बाष्प याच्या जवळजवळ दुप्पट जड आणि तितकेच अदृश्य असते, फक्त ते ज्योत विझवत नाही. त्यानंतर टाकीचा हिशेब विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या आणि घरच्या मोटारसायकलच्या टाकीचे आकारमान घालून उत्तर किती येते ते त्यांना काढू द्या.