धानाच्या तुसातलं चिलखत

वर्धा आणि वैनगंगेच्या मधला गोंडपिपरी तालुका धानाचा. नवं धान आलं की राईस मिलमध्ये मऊ रबराची गाठ एका फार कठीण वस्तूशी पडते. ती वस्तू म्हणजे धानाचं तूस! खोटं वाटत असेल तर एक दाणा ओठावरून फिरवून बघा. कसा खरखरतो! धानाचं रोप पाण्याबरोबर विरघळलेली सिलिका मुळांतून ओढून घेतं आणि तुसात साठवतं. वाळूतही हेच द्रव्य असतं. तूस जाळलं की वजनाच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतकी राख उरते, आणि त्या राखेत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिकाच सापडते. रोपाने आपल्या लेकराला जणू काचेचं चिलखत घातलेलं असतं.

हे चिलखत उतरवायचं, पण आतला दाणा मोडायचा नाही. जुन्या लोखंडी हलरमध्ये कनकी, म्हणजे तांदळाचा तुकडा, फार व्हायची. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी निवडून वाढवलेल्या एचएमटीसारख्या बारीक तांदळाला तर लोखंडाचा धसमुसळेपणा मुळीच सोसत नाही. म्हणून तूस काढायला रबर शेलर हे यंत्र वापरतात. त्यात दोन रोल असतात. आत धातूचा ड्रम, त्यावर साधारण इंचभर रबर. दोन्ही एकमेकांच्या उलट फिरतात, पण एक दुसऱ्यापेक्षा सुमारे २५ टक्के जास्त वेगाने. मधली फट दाण्याच्या जाडीहून कमी. दाणा शिरला की रबर दबतं आणि त्याला दोन्हीकडून धरतं. एक रोल पुढे ओढतो, दुसरा मागे खेचतो, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तूस सुटतं. भाजलेले शेंगदाणे तळहातांत चोळून आपण साल काढतो, तसंच हे.

इथे घर्षण हाच कामकरी आहे. रॉय प्लंकेट यांना १९३८ साली सापडलेलं टेफ्लॉन कितीही गुळगुळीत असो, इथे ते कुचकामी. दाणा नुसता निसटून खाली पडेल. पकड रबराचीच हवी, आणि त्या पकडीची किंमत रबर झिजून चुकवतं. सिलिकाची टोकं त्याला ओढतात, ताणतात; ताण सोसेनासा झाला की बारीक चुरा सुटतो. वेगाचा रोल आधी झिजतो. त्याचा घेर घटला की दोघांच्या वेगातला फरकही घटतो आणि न सोललेलं धान खाली येऊ लागतं. म्हणून रोलांची अदलाबदल करावी लागते.

मला सगळ्यात नवल वाटतं ते पुढचं. काळ्या रबराचा डाग तांदळावर नको, म्हणून हे रोल बहुधा पांढरे असतात. टायरला बळकटी काजळीने येते, ती इथे आणायला रबरात मिसळतात सिलिकाची पूड. म्हणजे झिजवणारी सिलिका आणि झीज थोपवणारीही सिलिकाच! गुडइयर कंपनीने तर २०१५च्या सुमारास तुसाच्या राखेतली सिलिका टायरमध्ये वापरायला सुरुवात केली.

पुढच्या वेळी भरडाईला जाल तेव्हा मिलवाल्याकडे झिजलेला रोल मागा आणि नव्या रोलाशेजारी ठेवून जरूर बघा.