अंगणात डास वाढवायचे?

“अगं, डास मारता मारता हात दुखले आमचे, आणि तू म्हणतेस ते अंगणात वाढवायचे?” महिला मंडळात मी योग्यकर्ताची गोष्ट सांगायला लागले आणि शेजारच्या काकू एकदम उसळल्या. त्यांचंही चूक नव्हतं. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या नातवाला डेंग्यू झाला. प्लेटलेटसाठी आम्ही रात्रभर धावपळ केली होती.

पण मैत्रिणींनो, इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात हे खरंच घडलंय. २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी डासांच्या अंड्यांच्या छोट्या झाकणाच्या बादल्या आपल्या अंगणात ठेवू दिल्या. या डासांत ‘वोल्बाकिया’ नावाचा जिवाणू होता. तो कितीतरी कीटकांत मुळातच असतो, पण डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासात नसतो. शास्त्रज्ञांनी तो त्यात घातला. तो असला की डेंग्यूचा विषाणू डासाच्या शरीरात नीट वाढत नाही. मग डास चावला तरी आजार पसरण्याची शक्यता खूपच कमी होते. आणि गंमत बघा, हा वारसा पिल्लांना आईकडूनच मिळतो!

शहराचे २४ भाग केले. त्यातल्या १२ भागांत हे डास सोडले, बाकीच्या १२ भागांत नाही. २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डास सोडलेल्या भागांत डेंग्यूचं प्रमाण ७७ टक्क्यांनी, तर दवाखान्यात दाखल होण्याचं प्रमाण ८६ टक्क्यांनी कमी आढळलं. या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांत तिथल्या गाजा मादा विद्यापीठाच्या आदी उतारिनी ही एक बाई होती, याचा मला विशेष आनंद वाटतो.

आपल्याकडेही पुद्दुचेरीच्या सरकारी संशोधन केंद्राने असे डास तयार केल्याचं २०२२ मध्ये जाहीर केलं. पण ते आपल्या गल्लीत येतील तेव्हा येतील. तोवर आठवड्याचा कोरडा दिवस सोडायचा नाही. नळ चार-चार दिवसांनी येतो, पाणी साठवावंच लागतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच पिंपावर झाकण हवं, आणि रिकामं झालं की त्याच्या कडा घासायला हव्यात. अंडी तिथेच चिकटतात. कूलर आणि फ्रिजमागचा ट्रेही विसरू नका.

निघताना काकू म्हणाल्या, “लेकरं वाचणार असतील तर ठेवीन बाई बादली. पण आधी मला सगळं नीट समजावून सांगायचं. न विचारता कुणी अंगणात पाऊल टाकायचं नाही!”

मला वाटतं, काकूंचं म्हणणं अगदी रास्त आहे. तुम्हाला काय वाटतं?