आरबीची पकड सुटते तेव्हा

फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत बाळाच्या एका डोळ्याची बाहुली पांढुरकी चमकली, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. कधीकधी ती रेटिनोब्लास्टोमाची, म्हणजे दृष्टिपटलाच्या कर्करोगाची खूण असते. पेशीने दुभंगायचं कधी, हे कोण ठरवतं, याचा मोठा उलगडा याच आजारातून झाला.

हा रोग व्हायला जनुकावर दोन आघात व्हावे लागतात, असं आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलं. पुढे ते जनुक सापडलं: आरबी. त्याचं प्रथिन ई२एफ नावाच्या प्रथिनाला धरून ठेवतं. ई२एफ हा ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर. डीएनएवर ठरावीक जागी बसून तो जनुकं चालू करतो. डीएनएची नक्कल करायला लागणारी बरीचशी सामग्री त्याच्याच हुकमाने तयार होते.

वाढीचा संदेश आला, की सायक्लिन-डी आणि सीडीके ४ किंवा ६ या प्रथिनांची जोडी आरबीवर फॉस्फेट चिकटवते आणि पकड सैल होते. इथली खुबी मला फार आवडते. मोकळा झालेला ई२एफ सायक्लिन-ईचं जनुक चालू करतो, आणि सायक्लिन-ई आपल्या साथीदारासह आरबीवर आणखी फॉस्फेट चढवते. आता बाहेरचा संदेश थांबला तरी पेशी सहसा माघार घेत नाही.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागचा एचपीव्ही विषाणूही हीच पकड सोडवतो. त्याचं ई७ प्रथिन थेट आरबीला चिकटतं. उलट, स्तनाच्या काही कर्करोगांवर दिलं जाणारं पाल्बोसायक्लिब हे औषध सीडीके ४ आणि ६ यांना रोखतं. मात्र आरबीच नाहीसं झालेल्या गाठीवर त्याचा फारसा उपयोग होत नाही.