मुदपाकखान्यातला ब्रदर

‘देवाच्या कामाला वाहून घेतलंय’ असं कुणाविषयी ऐकलं की पाद्री, सिस्टर किंवा मिशनरी डोळ्यांपुढे येतो. स्वयंपाकी किंवा शिंपीण येत नाही. खुद्द ख्रिस्ती मंडळीही पुष्कळदा असंच समजत आली आहेत. बायबल मात्र वेगळंच काही सांगतं.

बायबलमधली कामकरी माणसं

निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात देव मोशेला सांगतो, की बसालेलला मी माझ्या आत्म्याने भरलं आहे. हा बसालेल संदेष्टा नाही, याजकही नाही. सोनं-चांदी घडवणारा, रत्नं बसवणारा, लाकूड कोरणारा कारागीर आहे. येशू स्वतः नासरेथचा सुतार. करिंथमध्ये पौल अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला, कारण तिघांचा धंदा एकच होता, तंबू करण्याचा. मंडळीकडून खर्च घेण्याचा हक्क असूनही आपण हातांनी कमावून खाल्लं, हे पौलाने पुढे पत्रांतून चांगलं ठासून सांगितलं आहे.

मला सर्वांत बोलकी वाटते ती यापोची टबीथा. ती वारली तेव्हा गावातल्या विधवा रडत रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे नि कपडे दाखवू लागल्या. तिने कधी उपदेश केल्याचं लिहिलेलं नाही. तरी प्रेषितांच्या कृत्यांमध्ये तिला ‘शिष्या’ म्हटलं आहे.

प्रतवारी आली कुठून?

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्टने मठांसाठी नियम घालून दिले. मठातली अवजारं वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखी जपावीत, स्वयंपाकाची पाळी आठवड्याआठवड्याने बंधूंनी आपसात वाटून घ्यावी, असं त्यांत आहे. तरी मध्ययुगात प्रतवारी बसलीच. व्रत घेतलेले वर, संसारी खाली.

पुढे मठ सोडून संसारात आलेल्या मार्टिन लूथरने ती उलथली. १५२२ मध्ये विवाहावर लिहिताना त्याने बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचा दाखला दिला. लोक हसतील, पण श्रद्धेने केलेल्या त्या कामावर देव खूश असतो, असं त्याचं म्हणणं. आपल्या कामाने देवाचं काही अडत नाही, शेजाऱ्याचं अडतं, असा त्याच्या शिकवणीचा एकंदर रोख. माणूस रोजच्या भाकरीसाठी प्रार्थना करतो आणि देव ती नांगरणाऱ्या, दळणाऱ्या, भाजणाऱ्या हातांनी पोचवतो.

कढईपाशी लॉरेन्स

कॅथलिक परंपरेत या विचाराचं सर्वांत लोभस माणूस म्हणजे ब्रदर लॉरेन्स. मूळ नाव निकोला हेर्मां, गाव लॉरेन प्रांतातलं. तीस वर्षांच्या युद्धात तो शिपाई होता, तिथे जखमी झाला आणि पाय कायमचा अधू झाला. मग एका बड्या अधिकाऱ्याकडे नोकर म्हणून राहिला. तिथे आपण इतके वेंधळे होतो की हाती येईल ते फोडत असू, असं तो स्वतःच सांगे. १६४० मध्ये तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला, तोही पुरोहित होण्यासाठी नव्हे, श्रमाची कामं करणारा बंधू म्हणून. त्याला मुदपाकखाना मिळाला.

स्वयंपाकाची त्याला मुळीच आवड नव्हती. हे सांगायला हवं, कारण त्याच्यावरच्या भाविक लिखाणात तो सदा हसतमुख आचारी होऊन बसतो. सुरुवातीची दहाएक वर्षं आपण मनातून फार सोसलं, असं त्याच्या पत्रात आहे. मठासाठी वाइन खरेदीला त्याला बर्गंडीला पाठवलं, तेव्हा लंगड्या पायामुळे त्याला होडीतल्या पिंपांवरून लोळत सरकावं लागे. आणि त्याला व्यवहारातलं काही कळतही नव्हतं. ‘देवा, हे तुझंच काम आहे’ असं म्हणून तो ते उरकायचा. चुकलं तर तेही देवाला सांगून मोकळा व्हायचा, कुढत बसायचा नाही. प्रार्थनेची वेळ आणि भांड्यांच्या खडखडाटाची वेळ यांत त्याला पुढे फरक उरला नाही. कढईतलं ऑम्लेट उलटायचं तेही देवाच्या प्रेमापोटी.

भाजीतच देव पाहणाऱ्या संत सावता माळ्याच्या मुलखात हे ओळखीचं वाटेल. पण लॉरेन्सला भाजीत देव दिसत नव्हता. भाजी निवडताना देव जवळ आहे, एवढंच तो धरून होता. उतारवयात त्याच्याकडे मठातल्या वहाणा दुरुस्त करायचं काम आलं. जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने १६६६ पासून त्याच्याशी झालेली बोलणी टिपून ठेवली. लॉरेन्स १६९१ मध्ये गेला, त्यानंतर ती छापली गेली. आज प्रॉटेस्टंट लोकही ती आपलीच समजून वाचतात.

केडगावचा छापखाना

१८९६ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या मुली नि विधवा घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये या बायका वाचायला शिकल्या, विणकाम, शिवण, शेती शिकल्या आणि छापखानाही चालवू लागल्या. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, त्याच्या छपाईचे खिळे जुळवले ते या बायकांनी. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. त्यावर नाव रमाबाईंचं आहे आणि ते योग्यच आहे, पण खिळे जुळवणाऱ्यांची नावं कुणाला सांगता येतील?

धन्याच्या सोयीची शिकवण

‘आहेस तिथेच देवाची सेवा कर’ हे वाक्य मालकाच्या तोंडी फार सोयीचं असतं. दासांनी धन्याचं ऐकावं, या पौलाच्या पत्रांतल्या ओळी अमेरिकेत गुलामांना वर्षानुवर्षं ऐकवल्या गेल्या. काम पवित्र म्हणायचं आणि करणाऱ्याला उपाशी ठेवायचं, हा त्यातला खोटेपणा. केडगावच्या बायका जिथे होत्या तिथे राहिल्या नाहीत, म्हणून ते उदाहरण मला लॉरेन्सपेक्षाही भक्कम वाटतं.

या खोटेपणाचं उत्तर बायबलमध्येच आहे. शेत कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असं याकोबाने श्रीमंतांना सुनावलं आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात कामगाराला पोटापुरती न्याय्य मजुरी मिळालीच पाहिजे असं मांडलं. १९५५ मध्ये बारावे पायस यांनी ‘कामगार संत जोसेफ’ यांचा सण सुरू केला आणि त्यासाठी मुद्दाम १ मे हा कामगार दिन निवडला.