आंबोली भेक
ब्यूफोनिडी कुलातील एक लहान उभयचर प्राणी. शास्त्रीय नाव झँथोफ्राइन टायगेरिना. सह्याद्रीत, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोली परिसरात सु. ७०० मी. उंचीवर तो आढळतो. एस. डी. बिजू व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये या जातीचे वर्णन केले व तिच्यासाठी नवी प्रजातीही स्थापिली. कुशीवरील वाघासारख्या पिवळसर पट्ट्यांवरून जातीचे नाव पडले आहे. सोमण यांनी १९६३ मध्ये वर्णिलेला कोयना भेक याच प्रजातीत मोडतो.

पावसाळ्याच्या आरंभी जांभा खडकाच्या सड्यावर साचलेल्या उथळ डबक्यांत याची वीण होते. सामान्य भारतीय भेकाची अंडी जेलीच्या लांब सरांत असतात. याची मात्र पुंजक्यांत असतात. डबके पावसावरच टिकून असल्याने उघडीप लांबल्यास ते आटून अंडी व भैकेर नष्ट होतात. घाटमाथ्याच्या रस्त्यांवर वाहनांखालीही हे भेक चिरडले जातात. प्रसारक्षेत्र अत्यंत मर्यादित असल्यामुळे आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या जातीची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात केली आहे. वरवर ओसाड दिसणारे सडे अबाधित राखणे, हाच तिच्या संरक्षणाचा पाया होय.