भावाची किडनी भावाला जुळतेच का?



घरातल्या एकाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोन-तीन वेळा डायलिसिस सुरू झाले, की किडनी कोण देणार हा प्रश्न येतो. सख्खा भाऊ पुढे होतो. तपासणीनंतर डॉक्टर म्हणतात, "जुळत नाही." मग कुजबुज सुरू होते : एकाच आईची लेकरे, मग जुळत कसे नाही? याच्या मनातच द्यायचे नसेल! अशा बोलण्याने घरे दुभंगतात. म्हणून हे जुळणे म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ.

आपल्या शरीरातील बहुतेक पेशींवर ओळखखुणेसारखी काही प्रथिने असतात. त्यांना एचएलए म्हणतात. फ्रान्सचे डॉ. झाँ दोसे यांनी त्यांतील पहिली खूण १९५८ मध्ये शोधली आणि त्या कामासाठी १९८० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. शरीराची संरक्षक यंत्रणा या खुणेवरून आपले कोण आणि परके कोण हे ठरवते. परक्या खुणेची किडनी दिसली, की ती तिच्यावर हल्ला करते.

या खुणांची जनुके सहाव्या गुणसूत्रावर असतात. त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येतो. त्यामुळे आईवडील व मूल यांची जुळणी साधारण अर्धी असते. सख्ख्या भावंडांचे मात्र तसे नाही. चारात एक शक्यता पूर्ण जुळण्याची, दोन अर्धे जुळण्याची आणि एक अजिबात न जुळण्याची. यात कोणाचाही दोष नाही.

१९५४ मध्ये बॉस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी किडनीचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांमध्ये. दोघांची जनुके सारखीच असल्याने शरीराने किडनी स्वीकारली. पुढे प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे आली. आज पत्नीची किडनी पतीलाही चालते. तरी जुळणी जितकी चांगली, तितकी किडनी सरासरीने जास्त वर्षे टिकते.

मोठी अडचण येते ती रुग्णाच्या रक्तात परक्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असली तर. ती गरोदरपणात, रक्त चढवल्यावर किंवा आधीच्या प्रत्यारोपणानंतर तयार होऊ शकतात. म्हणूनच 'क्रॉसमॅच' तपासणी करतात. आपल्या आदिवासी भागांत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. या आजारात किडनीलाही इजा होते आणि अनेकांना वारंवार रक्त द्यावे लागते. अशा रुग्णाला जुळणारी किडनी मिळणे अधिक कठीण होते. रक्त केव्हा आणि किती वेळा दिले याची नोंद जपून ठेवा व डॉक्टरांना दाखवा.

जनुकांचा परिणाम औषधांवरही होतो. टॅक्रोलिमस हे औषध काहींचे शरीर भराभर निकामी करते, काहींचे सावकाश. म्हणून एकाच वजनाच्या दोघांना वेगवेगळा डोस लागू शकतो. शेजारच्या रुग्णाचा डोस पाहून आपला बदलू नये. रक्तातील औषधाची पातळी सांगितलेल्या तारखेला तपासावी. बरे वाटते म्हणून गोळ्या बंद केल्या, तर मिळालेली किडनी हातची जाऊ शकते.

घरातील कोणाचीच किडनी जुळली नाही, तरी वाट संपत नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ मध्ये दुरुस्ती झाली. आजी-आजोबा व नातवंडे जवळच्या नात्यात धरली गेली आणि दोन कुटुंबांना आपसात दात्यांची अदलाबदल करण्याची मुभा मिळाली. मृत्यूनंतर दान झालेल्या किडनीसाठीही नाव नोंदवता येते.

आपल्या ओळखीच्या घरी असा रुग्ण असेल, तर भेटायला जाताना एवढे जरूर सांगा : जो तपासणीला उभा राहिला, त्याने आपले प्रेम दाखवले आहे. जुळणे न जुळणे त्याच्या हातात नव्हते.